सोनी पिक्चर्सवरील संगणकीय आघात : कर्ता कोण?

व्याधी समोर दिसत असतो, त्याचा हेतू मात्र शोधावा लागतो, हे आपणा वैद्यांना नव्याने सांगावयास नको. संगणकावरील हल्ल्यांच्या बाबतीतही हेच घडते. यंत्रे बंद पडली, माहिती चोरीस गेली, हे सर्वांना दिसते. हे कोणी केले, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास कधी महिने लागतात, कधी वर्षे. उत्तर मिळाल्यावरही लोक त्यावर विश्वास ठेवतीलच असे नाही. अमेरिकेतील सोनी पिक्चर्स या चित्रपट कंपनीवर २०१४ साली झालेला हल्ला हे याचे ठळक उदाहरण होय. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयातील रुग्णनोंदी आणि औषधी दुकानांतील साठ्याचा हिशेब संगणकावर आहे, म्हणून हा विषय आम्हांस या अंकासाठी घ्यावासा वाटला. दुसरेही कारण आहे. अपुऱ्या लक्षणांवरून निदान कसे करावे आणि दुसऱ्याने केलेल्या निदानावर शंका कशी घ्यावी, याचा एक चांगला पाठ या प्रकरणात आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. २४ नोव्हेंबर २०१४ रोजी सोमवारी सकाळी कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथील सोनी पिक्चर्सच्या कर्मचाऱ्यांनी संगणक सुरू केले, तेव्हा पडद्यावर लाल कवटीचे चित्र व धमकीचा मजकूर आला. स्वतःला ‘गार्डियन्स ऑफ पीस’ म्हणविणाऱ्या टोळीने हे कृत्य आपले असल्याचे जाहीर केले. हजारो यंत्रांवरील माहिती पुसली गेली. कंपनीला काही काळ कागद-पेन्सिलीवर कारभार चालवावा लागला. पुढील काही आठवड्यांत अप्रदर्शित चित्रपट, अधिकाऱ्यांची वेतने, त्यांची खाजगी पत्रे आणि सुमारे ४७ हजार व्यक्तींचे सामाजिक सुरक्षा क्रमांक टप्प्याटप्प्याने उघड्यावर आले.

वृत्तपत्रांनी नटनट्यांविषयीच्या कुचाळक्या चवीने छापल्या. त्याच ढिगात कर्मचारी व त्यांच्या मुलाबाळांच्या आजारांची, उपचारखर्चाची आणि विम्याच्या दाव्यांची कागदपत्रेही होती, याची चर्चा मात्र फारच थोडी झाली. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर येणे म्हणजे काय, हे वैद्याला कळते. ‘कोणी केले’ हा वाद रंगत असताना या कुटुंबांचे जे व्हावयाचे ते होऊन गेले होते.

संशय उत्तर कोरियाकडे वळण्यास कारण होते ‘द इंटरव्ह्यू’ हा सोनीचा विनोदी चित्रपट. त्या देशाचे सर्वोच्च नेते किम जाँग-उन यांच्या हत्येचा कट हा त्याचा विषय. जून २०१४ मध्येच उत्तर कोरियाने या चित्रपटाचे प्रदर्शन ही युद्धाची कृती मानली जाईल असे बजावून संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली होती. १६ डिसेंबर रोजी हल्लेखोरांनी ११ सप्टेंबरच्या घटनेचा उल्लेख करून चित्रपटगृहांना धमकी दिली. मोठ्या चित्रपटगृहांच्या साखळ्यांनी अंग काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सोनीने ठरलेले प्रदर्शन रद्द केले. १९ डिसेंबर रोजी एफबीआयने हल्ल्याची जबाबदारी उत्तर कोरियाच्या सरकारवर असल्याचे निवेदन काढले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सोनीने माघार घेणे ही चूक असल्याचे सांगितले. अखेर २४ डिसेंबर रोजी इंटरनेटवर व २५ डिसेंबर रोजी काही स्वतंत्र चित्रपटगृहांत तो चित्रपट दाखविला गेला. चित्रपट काही थोर नव्हे, असे पाहणाऱ्यांचे मत पडले, असो.

एफबीआयचे निवेदन बाहेर येताच शंकांना ऊत आला. शंका घेणारे लोक पारावरचे नव्हते. ब्रूस श्नायर, मार्क रॉजर्स यांच्यासारखे संगणक-सुरक्षा क्षेत्रातील नावाजलेले तज्ज्ञ त्यांत होते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. हल्ल्यापूर्वी तीन दिवस, म्हणजे २१ नोव्हेंबर रोजी, सोनीच्या अधिकाऱ्यांना जे पत्र आले त्यात पैशाची मागणी होती. चित्रपटाचे नावही नव्हते. उत्तर कोरियाचा संबंध वृत्तपत्रांनी जोडल्यानंतरच हल्लेखोर चित्रपटाविषयी बोलू लागले. माहिती पुसणाऱ्या घातक प्रणालीत सोनीच्या अंतर्गत सर्व्हरांची नावे व पासवर्ड आधीच लिहिलेले होते. तेव्हा हे घरभेद्याचे काम असावे. प्रणाली कोरियन भाषा निवडलेल्या संगणकावर तयार झाली म्हणावे, तर ती निवड कोणालाही करता येते. ज्या आयपी पत्त्यांचा एफबीआयने आधार घेतला, त्यांतील कित्येक जगभरचे भामटे वापरीत असलेले खुले मार्ग होते. जुन्या हल्ल्यांतील प्रणालींचे नमुने अनेकांच्या हाती असतात, त्यामुळे साम्य आढळले म्हणून कर्ता तोच, असे कसे म्हणावे? नॉर्स नावाच्या कंपनीने तर नोकरीवरून कमी केलेल्या एका माजी कर्मचाऱ्याकडे बोट दाखवून तसे एफबीआयसमोर मांडलेही. टाया ग्लोबल या दुसऱ्या एका संस्थेने धमक्यांतील मोडक्या इंग्रजीची परीक्षा करून लिहिणारे रशियन भाषक असण्याची शक्यता अधिक वर्तविली.

या आक्षेपांमागे आणखी एक गोष्ट होती, ती तांत्रिक नव्हती. इराकमध्ये महासंहारक शस्त्रे आहेत असे अमेरिकेने २००३ साली जगाला सांगितले होते आणि ती सापडली नाहीत. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी हेरखात्याची पाळत उघड केली होती. अशा सरकारने ‘आमच्याजवळ पुरावा आहे, परंतु तो सांगता येत नाही’ असे म्हटले, तर लोकांनी भुवया उंचावल्या यात नवल नाही. चरकाचार्यांनी सांगितलेल्या चार परीक्षांपैकी आप्तोपदेश ही पहिली खरी, पण बोलणारा आप्त आहे की नाही हे आधी ठरावे लागते. येथे सांगणाराच वादग्रस्त होता.

तेव्हा आक्षेप रास्त होते काय? आमच्या मते त्या वेळी ते पूर्णतः रास्त होते. डिसेंबर २०१४ मध्ये जेवढे जाहीर झाले होते तेवढ्यावरून कोणीही निश्चित विधान करावयास नको होते. मात्र शंका घेणे ही एक गोष्ट आणि शंकेच्या जागी स्वतःचे दुसरे निदान ठोकून देणे ही दुसरी. नॉर्स कंपनीचा माजी कर्मचाऱ्याचा सिद्धांत एफबीआयच्या निवेदनापेक्षाही अशक्त पुराव्यावर उभा होता, तरी तो ऐकावयास गोड असल्याने पुष्कळांनी उचलला. ती कंपनी २०१६ च्या आरंभी कोसळली.

पुढे एकेक धागा उलगडत गेला. ७ जानेवारी २०१५ रोजी एफबीआयचे तत्कालीन संचालक जेम्स कोमी यांनी न्यूयॉर्कमधील एका परिषदेत सांगितले की, हल्लेखोर आपला माग लपविताना काही वेळा हलगर्जी राहिले आणि केवळ उत्तर कोरियाच वापरतो असे पत्ते उघडे पडले. त्याच महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वृत्त दिले की, अमेरिकी हेरखात्याने २०१० पासूनच उत्तर कोरियाच्या जाळ्यात शिरकाव करून ठेवला होता. पुरावा का सांगता येत नव्हता, याचा उलगडा यामुळे काहीसा झाला. घरभेद्याच्या शंकेलाही उत्तर मिळाले. हल्लेखोर सप्टेंबरपासून सोनीच्या जाळ्यात वावरत होते. दोन महिने घरात राहणाऱ्याला कोणती किल्ली कोठे टांगलेली असते हे कळावयास कोणा नोकराची फितुरी लागत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये नोव्हेटा या कंपनीच्या पुढाकाराने अनेक खाजगी सुरक्षा कंपन्यांनी एकत्र येऊन तपास प्रसिद्ध केला. सोनीवर वापरलेली प्रणाली, २०१३ साली दक्षिण कोरियातील बँका व दूरचित्रवाणी केंद्रांवर वापरलेली प्रणाली आणि इतर अनेक घटना एकाच टोळीशी जुळतात, असे त्यात दाखविले होते. या टोळीस ‘लॅझरस’ हे नाव रूढ झाले. त्याच महिन्यात बांगलादेश बँकेच्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर पळविले गेले; तेथे सापडलेल्या प्रणालीचे सोनीच्या प्रणालीशी असलेले साम्य तज्ज्ञांनी ओळखले. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील हजारो रुग्णांच्या नियोजित तपासण्या रद्द करावयास लावल्या, त्यातही हीच खूण आढळली.

६ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेच्या न्यायखात्याने पार्क जिन ह्योक या उत्तर कोरियन नागरिकाविरुद्धची १७९ पानांची तक्रार उघड केली. ज्यांना हा वाद समजून घ्यावयाचा आहे त्यांनी ही तक्रार पाहावी. पार्क हा चीनमधील दालियान येथे ‘चोसुन एक्स्पो’ या उत्तर कोरियन कंपनीसाठी काम करीत असे. सोनीचे कर्मचारी, चित्रपटगृहांची एएमसी ही साखळी आणि बांगलादेश बँक यांना फसवी पत्रे पाठविणारी खाती परस्परांशी कशी गुंतलेली होती, ती कोणत्या यंत्रांवरून उघडली गेली, हे त्यात तारीखवार मांडले आहे. एकेका लक्षणावर आक्षेप घेता येतो; परंतु अनेक स्वतंत्र लक्षणे एकाच संप्राप्तीकडे निर्देश करू लागली की युक्तिप्रमाणाचे बळ वाढते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आणखी दोघांची नावे आरोपपत्रात आली. उत्तर कोरियाने सारे आरोप नाकारले. पार्क नावाची अशी व्यक्तीच नाही, असे सांगितले. खटला न्यायालयात चाललेला नाही, त्यामुळे हे आरोपच आहेत, हेही नोंदविले पाहिजे. तथापि आज गंभीर अभ्यासकांत मूळ निष्कर्षाविषयी फारसा वाद उरलेला नाही.

म्हणून जुने आक्षेप निरर्थक ठरतात असे मात्र नाही. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी दक्षिण कोरियातील प्याँगचँग येथे हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या वेळी संयोजकांची संगणक यंत्रणा कोलमडली. प्रणालीत लॅझरस टोळीची खूण मिळाली आणि बोट पुन्हा उत्तर कोरियाकडे गेले. कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनी बारकाईने पाहिल्यावर ती खूण मुद्दाम चिकटविलेली बनावट असल्याचे निघाले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने त्यासाठी रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातील अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. ‘साम्य म्हणजे पुरावा नव्हे’ हे २०१४ सालचे म्हणणे सोनीच्या बाबतीत कामास आले नाही, पण येथे अक्षरशः खरे ठरले.

‘कोणी का केले असेना, नुकसान तर झालेच’ असे आमच्या काही व्यवसायबंधूंनी या विषयावर बोलताना म्हटले. औषध व्यवसायातील वाचकांसाठी याचे उत्तर मर्क या अमेरिकी औषध कंपनीच्या प्रकरणात आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या हल्ल्याने मर्कचे हजारो संगणक निकामी केले, उत्पादन अडले आणि गार्डासिल लसीची मागणी भागविण्यासाठी सरकारी साठ्यातून लस उसनी घ्यावी लागली. (याच हल्ल्याने आपल्या न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचेही काम ठप्प केले होते.) फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका व ब्रिटनने याचे कर्तृत्व रशियाच्या लष्कराकडे असल्याचे जाहीर केले. विमा कंपन्यांनी तेवढेच धरले. हल्ला परकीय राष्ट्राच्या सैन्याने केला, म्हणजे ते युद्धकृत्य, आणि युद्धातील नुकसानीस विमा लागू नाही! प्रश्न सुमारे १४० कोटी डॉलरचा होता. न्यू जर्सीच्या न्यायालयाने मर्कच्या बाजूने कौल दिला, मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला आणि जानेवारी २०२४ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. दरम्यान विमा व्यवसायाने सायबर हल्ल्यांविषयीची कलमे अधिक कडक करावयास घेतली आहेत. आपल्या औषधालयाचा विमा उतरविताना ‘युद्ध’ हा शब्द असलेले कलम वाचून घ्यावे.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेलच. ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. २८ देशांतील एटीएममधून काही तासांत रोकड काढली गेली आणि काही रक्कम हाँगकाँगमधील खात्यात वळविली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात ही घटना उत्तर कोरियाच्या कारवायांत नोंदविली. इकडे पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा सुनावली. हे सारे बनावट कार्डे घेऊन एटीएमसमोर उभे राहिलेले आणि त्यांना तेथवर पोहोचविणारे लोक होते. ज्यांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून कार्डांना होकार देणारी खोटी व्यवस्था उभी केली, ते या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते.