मुठेच्या कालव्यावर कोराकुएन
पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला ‘जपानची नक्कल’ म्हणून निकालात काढणारे बरेच आहेत. सुमारे 10 एकरांची ही बाग पुणे-ओकायामा मैत्रीतून उभी राहिली. तिचा नमुना आहे ओकायामाचे कोराकुएन. सरदार इकेदा त्सुनामासा यांनी ते 1687 मध्ये करायला घेतले आणि 1700 मध्ये पुरे केले. हुबेहूब नक्कल पाहायची तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जावे. तिथले चिनी अंगण सुझोऊमधल्या एका बागेवरून घेतलेले आहे. त्यासाठी चीनहून 27 कारागीर आले, खांबांचे लाकूडही तिकडचेच, आणि 1981 मध्ये ते खुले झाले. काम चोख आहे, पण छपराखालचे. पुण्याच्या बागेला वैशाखाचे ऊन आणि आषाढाचा पाऊस दोन्ही अंगावर घ्यावे लागतात.

म्हणूनच जपानी बागेची ओळख झाडांच्या जातीपेक्षा मांडणीत शोधावी, असे मला वाटते. असाही नदीतल्या बेटावरच्या कोराकुएनमध्ये पाणी नदीच्या वरच्या अंगाने वळवून आणले होते. पुण्यात ते काम शेजारचा कालवा करतो. वाट सरळ तळ्यावर नेत नाही. ती वळते, पूल ओलांडते आणि तेच तळे वेगळ्या कोनातून दाखवते. खरी कसोटी मात्र छाटलेल्या झुडपांची. ओकायामात हिवाळा वाढ रोखून धरतो. आपल्याकडे पावसाळ्यात नवे फुटवे काही आठवड्यांतच गोलाई मोडतात. शैली परकी असली, तरी ती रोज टिकवते स्थानिक माळ्याची कात्री.

मग ही बाग अस्सल कशी, असे कोणी विचारील. खुद्द कोराकुएन 1934 च्या पुराने आणि 1945 च्या बॉम्बफेकीने उद्ध्वस्त झाले होते. आज दिसते ते जुन्या चित्रांवरून पुन्हा उभारलेले. हिरवळ फार पाणी पिते, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तो उन्हाळ्यात अधिकच खरा ठरतो. राहिला परकेपणाचा मुद्दा. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातले 17 क्रमांकाचे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या योनकाने, म्हणजे ग्रीकाने, कोरवून घेतले, आणि नाशिककरांना ते कधी परके वाटले नाही. नाशिक महापालिकेने उद्या अशी बाग करायची ठरवलीच, तर रोपे मागवण्याआधी माळ्यांच्या प्रशिक्षणासाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवावेत.