एक जादा आयपी मिळेल का?

नेटवर्क्सच्या व्हायवाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "आयपी ॲड्रेस किती बिटचा?" आपण "बत्तीस!" म्हणतो आणि मोकळे होतो. पण हे बत्तीस बिट एखाद्याच्या धंद्याच्या आड कसे येतात, ते टेक्स्टबुकमध्ये नसतं. म्हणून हा लेख. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे इंग्रजी शब्द मधेमधे डोकावतील, तेवढं चालवून घ्या.

आधी थोडं बेसिक. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग म्हणजे एक चाळ समजा. चाळीचा पत्ता एक, तोच आयपी. आत शेकडो खोल्या, त्या वेबसाइट्स. पोस्टमन चाळीपर्यंत येतो आणि पाकिटावरचं नाव वाचून खोली शोधतो. ब्राउझरसुद्धा रिक्वेस्टमध्ये 'होस्ट' म्हणून साइटचं नाव पाठवतो. १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून हे नाव पाठवणं सक्तीचं झालं आणि एका आयपीवर हव्या तितक्या साइट्स ठेवता येऊ लागल्या.

अडचण आली ती एसएसएलची. तिथे पाकीट सीलबंद, नाव आत! सील फोडण्याआधी सर्व्हरने सर्टिफिकेट दाखवायचं, पण कुठल्या खोलीचं? म्हणून पूर्वी 'प्रत्येक सर्टिफिकेटला वेगळा आयपी' असा नियमच होता. २००३ मध्ये एसएनआय नावाचं एक्स्टेन्शन आलं. त्यात साइटचं नाव पाकिटाच्या बाहेर लिहितात. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला ते कधीच कळलं नाही, त्यामुळे त्यानंतरही कितीतरी वर्षं लोक जादा आयपी मागत राहिले. आज निव्वळ एसएसएलसाठी वेगळा आयपी लागत नाही.

मग आज तो लागतो कुणाला? आमच्या घरचंच उदाहरण सांगते. आम्ही मासवणचे. काकांचं बोईसरला, तारापूर एमआयडीसीत, पुठ्ठ्याचे खोके बनवायचं छोटं युनिट आहे. कोटेशन ते स्वतःच्या डोमेनवरच्या मेलने पाठवतात. गेल्या वर्षी दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, "कोटेशन पाठवणार होतात ना?" पाठवलेलं होतं, पण सगळं स्पॅममध्ये! त्याच आयपीवरच्या दुसऱ्याच कुणीतरी ढिगाने जाहिरातींचे मेल पाठवले होते आणि तो आयपी ब्लॅकलिस्टमध्ये गेला होता. चाळीतल्या एकाने उद्योग केले की सगळी चाळ बदनाम होते, तसंच. काका म्हणाले, "बाय, आपण काय केलं गो?" काहीच नाही केलं. पण ऑर्डर गेली ती गेलीच.

काकांनी होस्टिंगवाल्याला लिहिलं, "एक नवीन आयपी द्यावा, अर्जंट." उत्तरात प्रश्नांची यादी आली. आयपी कशासाठी हवा? आत्ता किती आहेत? त्यावर काय चालतं? काका वैतागले, "पैसे देतोय ना, मग चौकशी कसली?"

चौकशीला कारण आहे. दोनाचा बत्तिसावा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. जगाची लोकसंख्या याच्या जवळजवळ दुप्पट! सुरुवातीला पत्ते खिरापतीसारखे वाटले गेले. अमेरिकेतल्या एमआयटी या एकट्या संस्थेकडे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते होते, त्यातले बरेच तिने २०१७ मध्ये विकायला काढले. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाचा मध्यवर्ती साठा संपला. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकची संस्था एपनिक आपल्या शेवटच्या साठ्यावर आली. आपल्याकडे हे वाटप निक्सीच्या अखत्यारीतली आयआरआयएनएन ही संस्था पाहते. आता एपनिककडे नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. त्यामुळे होस्टिंगवाल्यालाही प्रत्येक पत्त्याचा हिशोब ठेवावा लागतो. ॲमेझॉनची क्लाउड सेवा तर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावते, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर.

तर मग अर्ज कसा लिहायचा? आम्ही दुसऱ्यांदा लिहिला त्यात चार गोष्टी होत्या. एक, सध्याचा आयपी आणि त्यावर काय चालतं. दोन, नवीन किती हवेत (एकच!) आणि कशासाठी. तीन, शेअर्डवर काम का भागत नाही. परत आलेल्या मेलचा एरर मेसेज जसाच्या तसा जोडला. चार, रोज अंदाजे किती मेल जातील आणि कुणाला. दोन दिवसांत आयपी मिळाला.

स्वतःचा मेल सर्व्हर, स्वतःचे नेमसर्व्हर, किंवा ठराविक आयपीलाच आत सोडणारा समोरच्या कंपनीचा फायरवॉल, ही कारणं चालतात. "गूगलमध्ये वर येण्यासाठी पन्नास आयपी" हे चालत नाही. आणि अख्खा सर्व्हर घेऊन जादा आयपी मागितलेत तर आकडेमोड विसरू नका. स्लॅश २९ चा ब्लॉक म्हणजे ८ पत्ते, पण पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा आणि एक गेटवेचा. हातात उरतात ५.

आयपी मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. आधी तो पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये नाही ना ते बघा, कारण मागच्या भाडेकरूची उधारी तुमच्या दारात येऊ शकते. मग पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, होस्टिंगवाल्याकडूनच करून घ्या. ती आपल्या डोमेनच्या पॅनलमधून होत नाही. जीमेल २०२४ पासून ही नोंद मागतंच. एसपीएफमध्ये नवा पत्ता घाला. आणि पहिल्याच दिवशी हजार मेल सोडू नका, नवीन आयपीची ओळख हळूहळूच होते. काकांची कोटेशन्स इनबॉक्समध्ये दिसायला तीन आठवडे लागले. मेल अगदीच थोडे असतील तर आयपी न घेता चांगली मेल सर्व्हिस घेणं स्वस्त पडतं, हेही सांगून ठेवते.

"मग आयपीव्ही६ आहे ना?" असं कुणीतरी म्हणणारच. आहे, १२८ बिटचं, आणि भारतात मोबाईलवर ते भरपूर वापरलंही जातं. पण ज्यांच्याकडे अजून फक्त आयपीव्ही४ आहे, त्यांना निव्वळ आयपीव्ही६ वरची साइट दिसत नाही. तोवर दोन्ही सांभाळावी लागणार.

आपल्यातले बरेच जण उद्या कुणाच्या तरी दुकानाची, क्लासची, पतपेढीची साइट करून देतील. तेव्हा "आयपी द्या" एवढंच लिहू नका, "कशासाठी" तेही लिहा. पत्ते संपले असले तरी पटणारं कारण दिलं की अजूनही एखादा मिळतो!