सांजघंटेचा विसावा

नाताळच्या मंगल पर्वानिमित्त वसईच्या ख्रिस्ती घरांतील एका साध्या नेमाचे आम्हांस स्मरण होते. पहाटे, माध्यान्ही आणि सायंकाळी चर्चची घंटा निनादते; भाविक हातचे काम थांबवून, देवदूताने मरियामातेस दिलेल्या संदेशाचे चिंतन करतात. रात्री अनेक घरी सारे कुटुंब एकत्र बसून पाच दशकांची जपमाळ म्हणते. एकेक मणी सरताना श्वास संथ होतो, मनीची चिंता प्रभुचरणी ठेवली जाते. गंभीर मनोव्यथेस वैद्याचे साहाय्य हवेच. परंतु नित्याच्या काळजीने शिणलेल्या मनास असा नेम आधार देतो. आपल्या घरीही तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागतो. तो क्षण घाईत दवडून आपण काय गमावतो, हे त्या घंटानादाने आम्हांस उमगले.