आखाड्याचा व्यायाम आणि आखाड्याचा खुराक

वाराणसी हे नगर मंदिरे, घाट आणि संस्कृत पाठशाळा यांसाठी जितके प्रसिद्ध आहे, तितकीच त्याची ख्याती उत्तर भारतात कुस्तीच्या आखाड्यांसाठीही आहे. तुळशी घाटावरील स्वामीनाथ आखाड्याची परंपरा तर थेट गोस्वामी तुलसीदासांशी जोडली जाते, आणि जोसेफ ऑल्टर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला भारतीय पहिलवानाच्या शरीरविषयक कल्पनांवरील ग्रंथही याच शहरातील आखाड्यांच्या अभ्यासावर आधारलेला आहे. महाराष्ट्राला हे जग परके नाही. पेशवाईपासून दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट परिसरात वसलेली मराठी घराणी, मूळचे वाराणसी जिल्ह्यातील असूनही २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा पटकावणारे नरसिंग यादव, यांसारख्या दुव्यांनी काशीचा आखाडा आणि मराठी तालीम एकमेकांशी बांधलेली आहेत. आज मात्र या परंपरेकडे पाहण्याचे एक वेगळेच निमित्त निर्माण झाले आहे. वाढलेले वजन उतरवण्यासाठी चालणे किंवा धावणे पुरेसे नसून वजने उचलण्याचा व्यायामही करावा, असे आता डॉक्टरही सांगू लागले आहेत, आणि हा सल्ला ऐकून व्यायामशाळेची पायरी चढणाऱ्या मध्यमवयीन माणसासमोर पहिलवानाचीच प्रतिमा उभी असते. या प्रतिमेतील व्यायाम त्याच्या कामाचा आहे. खुराक मात्र त्याने जवळजवळ उलटा करून घ्यावा लागतो.

प्रथम व्यायामाचा विचार करावा. बनारसच्या आखाड्यातील साधने मोजकी असतात. 'जोडी' म्हणजे दोन्ही हातांनी खांद्यामागून आळीपाळीने फिरवायची जड लाकडी मुद्गले. 'गदा' म्हणजे बांबूच्या दांड्याच्या टोकाला बसवलेला दगडी गोळा. आणि 'नाल' म्हणजे मधोमध कोरून आत मूठ ठेवलेला दगड, जो एका किंवा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला जातो. नागपंचमीला या साधनांच्या स्पर्धा होतात आणि त्या वेळी बाहेर निघणाऱ्या जोड्यांपैकी काहींच्या आतल्या अंगाला खिळेही ठोकलेले असतात, म्हणजे हात चुकला तर पाठ सोलून निघावी. हा भाग नवख्याने केवळ पाहण्यापुरताच ठेवावा हे उघड आहे. त्याने घ्यावे ते निराळेच आहे: आखाड्यात एकाच वजनाची जोडी नसते, हलकीपासून भारीपर्यंत जोड्यांची रांगच असते, आणि नव्या मुलाला उस्ताद पहिल्या दिवशी रांगेच्या टोकाची जोडी कधीच देत नाही.

ज्या तत्त्वावर ही रांग उभी आहे, त्याला आधुनिक व्यायामशास्त्रात क्रमवर्धी भाराचे तत्त्व म्हणतात. स्नायूवर त्याच्या सवयीपेक्षा थोडा अधिक भार पडला की तो विश्रांतीच्या काळात त्या भाराला पुरेसा होईल इतका स्वतःला सुधारून घेतो, आणि मग तोच भार त्याला अपुरा वाटू लागतो, म्हणून भार पुन्हा थोडा वाढवावा लागतो. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांचे दुबळे झालेले स्नायू सुधारण्यासाठी ही पद्धत वापरली आणि १९४५ मध्ये तिची शास्त्रीय मांडणी केली. आजच्या जिममधील लोखंडी चकत्यांची पद्धतशीर आखणी बऱ्याच अंशी तिथूनच येते. जोर आणि बैठका यांचा लाभ प्रारंभी फार मोठा असतो, परंतु दोनशे बैठका सहज मारता येऊ लागल्यावर त्या शक्तीपेक्षा दमसासाचाच व्यायाम अधिक होतात; तेव्हा खांद्यावर वजन घेऊन दहा बैठका मारणे हे मांड्यांच्या स्नायूंसाठी अधिक उपयोगाचे ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वजन उतरवायचे असेल तर स्नायू बळकट करण्याचा खटाटोप कशासाठी, असे अनेकांना वाटते. याचे उत्तर वजनकाट्याच्या मर्यादेत आहे. काटा हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी यांची एकत्र बेरीज दाखवतो. माणूस नुसता कमी खाऊन बारीक होतो तेव्हा उतरलेल्या वजनात चरबीखेरीज स्नायूंसारख्या ऊतींचाही वाटा असतो, आणि तो सर्वसाधारणपणे एक चतुर्थांशाच्या आसपास धरला जातो. भार उचलण्याचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांमुळे हा तोटा बराच कमी होतो, म्हणजे उतरते ती प्रामुख्याने चरबी.

भारतीयांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, आणि तो जगापुढे ठळकपणे आणण्याचे श्रेय पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे जाते. त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे देऊन एक छोटी नोंद प्रसिद्ध केली. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता मिळणारा आकडा, ज्याला देहभार निर्देशांक म्हणतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के भरली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून स्थूल अशी ही ठेवण भारतीयांमध्ये जन्मतःच दिसते, असेही पुण्यातील संशोधनाने दाखवले: ग्रामीण पुण्यातील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आणि इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो असूनही, पुण्याच्या बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती आणि कमी पडले होते ते स्नायूच. म्हणूनच भारतीयांसाठी अतिवजनाची सीमा २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची सीमा ३० ऐवजी २५ वर आणण्यात आली, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांपलीकडे गेल्यास तो धोक्याचा मानला जाऊ लागला. ज्याचे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे सुटलेले आहे, त्याला केवळ उपाशी राहून बारीक व्हायला सांगणे म्हणजे त्याच्याकडे जे आधीच कमी आहे तेही काढून घेणे होय.

येथे एक गैरसमजही दूर करावा लागतो. स्नायू वाढले की माणूस बसल्या जागी भरमसाट ऊर्जा जाळू लागतो असे व्यायामशाळांतून सांगितले जाते, ते अतिशयोक्त आहे. विश्रांतीच्या अवस्थेत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतो, म्हणजे दोन किलो स्नायू वाढवूनही एका पोळीइतकी मुभा मिळत नाही. त्याचप्रमाणे पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी उतरत नाही, कारण चरबी कोठून आधी निघावी हे शरीर स्वतः ठरवते.

आता खुराक. पहिलवानाचा पारंपरिक आहार दूध, तूप आणि बदाम या तीन खांबांवर उभा असतो, आणि बनारसमध्ये त्यात थंडाईची भर पडते. एक लिटर म्हशीच्या दुधातून हजाराहून अधिक, शंभर ग्रॅम तुपातून सुमारे ९०० आणि शंभर ग्रॅम बदामांतून सुमारे ६०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे एवढ्यानेच अडीच हजारांचा टप्पा ओलांडला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ठरवलेली, बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाची संपूर्ण दिवसाची गरज सुमारे २,११० आणि ५५ किलोच्या स्त्रीची सुमारे १,६६० आहे, आणि येथे तर पोळी-भात अजून पानात पडायचाच असतो. पहाटे माती खणणारा, शेकडो जोर-बैठका काढणारा आणि मग तासन्‌तास लढत करणारा तरुण हे सारे पचवतो. तोच तरुण पुढे कुस्ती सोडतो आणि खुराक सोडत नाही, तेव्हा काय होते याची साक्ष काशीत आणि कोल्हापुरातही भरपूर सापडते. शहराच्या उरलेल्या सवयी त्याला हातभारच लावतात: सकाळी कचोरी-भाजी आणि जिलबी, दुपारी मलईची लस्सी, हिवाळ्यात मलइयो. यांतील मलइयो हा दुधाचा फेस हलका असल्यामुळे त्यातल्या त्यात निरुपद्रवी, आणि बनारसला जाऊन तो न खाणे हा आरोग्याचा नव्हे, रसिकतेचा प्रश्न आहे.

वजन उतरवण्यासाठी खर्चापेक्षा सेवन थोडे कमी ठेवावे लागते, त्याला ऊर्जेची तूट म्हणतात. दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींची तूट ठेवल्यास आठवड्याला साधारण अर्धा किलो या गतीने वजन उतरू लागते; याहून घाई केल्यास भूक, थकवा आणि स्नायूंची झीज हे तिन्ही वाढतात. कुस्तीगीर वजनगटात बसण्यासाठी एक-दोन दिवसांत काही किलो उतरवतात, परंतु ते मुख्यतः पाणी असते, आणि विनेश फोगाट यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीच्या दिवशी शंभर ग्रॅमसाठी अपात्र ठरावे लागले, त्यावरून तो मार्ग निष्णातांनाही किती अवघड आहे हे दिसते.

तूट ठेवताना प्रथिने मात्र कमी करून चालत नाही. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात, परंतु व्यायामासह वजन उतरवणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅमचे लक्ष्य ठेवावे, असे क्रीडा-आहारशास्त्र सांगते. ७० किलोच्या व्यक्तीसाठी हा आकडा ८४ ते ११२ ग्रॅम होतो आणि शाकाहारी ताटातून तो आपोआप भरत नाही. येथे पूर्वांचलचा सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, फार उपयोगी पडतो: ५० ग्रॅम सत्तू पाणी, मीठ, जिरे आणि लिंबू घालून प्यायल्यास दहा-अकरा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि पोटही भरलेले राहते. त्याच्या जोडीला ६० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, १०० ग्रॅम पनीर, ३०० ग्रॅम दही आणि चार पोळ्या धरल्या तरी बेरीज पासष्टच्या आसपासच थांबते. त्यात ५० ग्रॅम सोयावडी घातली की ती नव्वदवर जाते. अंडी आणि मासे खाणाऱ्यांचे काम अर्थातच सोपे होते. पनीर आणि सोयावडीसाठी जागा करायची ती तळण, साखर आणि तेल यांतून, आणि उपवासाच्या दिवशी तुपात परतलेल्या साबुदाण्याच्या खिचडीला 'हलका आहार' समजण्याची मराठी घरांतील रीतही यानिमित्ताने तपासून पाहायला हरकत नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

प्रारंभ कसा करावा याविषयी व्यायामशाळांत जितकी मते तितके तक्ते असले, तरी नवख्याला आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एका दिवसाची विश्रांती ठेवून, संपूर्ण शरीराचा व्यायाम पुरतो. त्यात बैठक, कमरेतून वाकून जमिनीवरचे वजन उचलणे, छातीपासून किंवा खांद्यापासून वजन दूर लोटणे आणि वजन स्वतःकडे ओढणे या चार हालचाली असल्या की कोणताही मोठा स्नायू सुटत नाही. प्रत्येक हालचालीची आठ ते बारा आवर्तने, अशा दोन-तीन फेऱ्या कराव्यात; वजन इतके असावे की फेरी संपताना आणखी एक-दोन आवर्तने जमली असती असे वाटावे, आणि बाराही आवर्तने निर्दोष होऊ लागली की दोन-अडीच किलो वाढवावेत. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत शक्ती झपाट्याने वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक नेमके कामाला लावू लागते म्हणून. स्नायूंची वाढ नंतर दिसते. भार उचलताना श्वास कोंडल्यास रक्तदाब एकाएकी चढतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडावा. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, कारण व्यायाम आणि कमी आहार एकत्र आले की रक्तातील साखर फार खाली जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीबरोबर स्नायू बळकट करणारे व्यायाम दोन दिवस सांगितले आहेत, म्हणजे चालणे सोडायचे नाहीच. वाराणसीत मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांवर जातो तेव्हा आखाडे पहाटेच उरकतात, आणि विदर्भातील वाचकांना त्याचे कारण सांगण्याची गरज नाही.

वजने उचलली की शरीर पुरुषी दिसू लागते ही स्त्रियांची भीती या सर्व चर्चेत सर्वांत चिवट आहे. स्नायूंच्या मोठ्या वाढीला लागणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांमध्ये पुरुषांच्या मानाने फारच अल्प असते, आणि ऊर्जेच्या तुटीत तर ती वाढ आणखी मंदावते. याच वाराणसी जिल्ह्यातील पूनम यादव यांनी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ६९ किलो वजनगटात एकूण २२२ किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळवले, म्हणजे एवढी शक्ती कमावूनही त्यांचे स्वतःचे वजन त्या गटाच्या मर्यादेतच होते. तुळशी घाटावरील आखाड्यातही अलीकडच्या वर्षांत मुलींच्या कुस्त्या होऊ लागल्या आहेत. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता वेगाने घटते आणि भाराचा व्यायाम ही घट रोखायला मदत करतो, म्हणून खरे तर पन्नाशीच्या स्त्रीला त्याची गरज पंचविशीच्या मुलाहून अधिक आहे. व्यायामशाळांतील गर्दी पाहता मात्र चित्र नेमके उलटे दिसते.

प्रगती मोजण्यासाठी काट्यावरच्या एकेका दिवसाच्या आकड्यावर विसंबणे फारसे उपयोगाचे नाही, कारण मीठ, पाणी आणि मासिक पाळी यांमुळे वजन दिवसागणिक किलोभर खाली-वर होते. महिन्यातून दोनदा सकाळी उपाशीपोटी बेंबीच्या पातळीवर टेप लावून घेतलेले कमरेचे माप, आठवड्याच्या वजनाची सरासरी आणि वहीत टिपलेली उचललेली वजने या तीन नोंदी पुरेशा होतात. कंबर घटते आहे आणि वहीतले आकडे टिकून आहेत किंवा वाढत आहेत, तर काटा महिनाभर जागचा हलला नाही तरी आहार बदलण्याचे कारण नसते.