समाजवाद व सामाजिक लोकशाही : तंत्रज्ञांच्या संदर्भात

उत्पादनसाधनांच्या मालकीच्या प्रश्नाला भिन्न उत्तरे देणाऱ्या दोन विचारप्रणाली. समाजवादानुसार ही मालकी समाजाकडे, म्हणजे राज्यसंस्था, सहकारी संस्था किंवा कामगारांची मंडळे यांच्याकडे असावी. सामाजिक लोकशाही मालकी बव्हंशी खाजगी राहू देते; मात्र कर, कामगारविषयक कायदे, सामूहिक करार व दरनियंत्रण यांच्या द्वारा तिला मर्यादा घालते. दोहोंचा उगम एकच आहे. जर्मनीतील सामाजिक लोकशाही पक्ष हा आरंभी मार्क्सवादीच होता. एदुआर्ट बेर्नश्टाइनने १८९९ मध्ये क्रमिक सुधारणांचा पुरस्कार केला आणि गोडेसबर्ग येथील कार्यक्रमाने (१९५९) पक्षाने मार्क्सवादाशी फारकत घेतली. भारतात काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेपासून (१९३४) ‘लोकशाही समाजवाद’ ही संज्ञा दोन्ही अर्थांनी वापरली गेल्याने भेद पुसट झाला.

तंत्रज्ञाचे स्थान या विचारांत अवघड आहे. तो भांडवलदार नव्हे आणि रूढ अर्थाने श्रमिकही नव्हे. त्याचे साधन त्याच्या ज्ञानात असते. परंतु त्यातून निर्माण झालेली वस्तू त्याची नसते. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार नोकरीच्या ओघात लिहिलेल्या संगणक-आज्ञावलीचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, मालकच ठरतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने मात्र ‘कामगार’ या व्याख्येत तांत्रिक कामाचा समावेश केला होता, ही गोष्ट अभियंते सहसा विसरतात.

मालकीच्या प्रश्नाचे बोलके उदाहरण जालना येथे आढळते. कुंडलिका नदीने जुना जालना व नवा जालना असे विभागलेल्या या गावी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. तत्पूर्वी त्यांनी यशस्वीपणे पिकविलेले ‘पुसा सावनी’ भेंडीचे वाण दिल्लीच्या सरकारी कृषिसंशोधन संस्थेतील होते. म्हणजे सार्वजनिक पैशावरील संशोधन खाजगी उद्योगाचे बीज ठरले. समाजवादी उत्तर राज्यानेही देऊन पाहिले : १९७६ मध्ये अकोला येथे महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ (महाबीज) उभे राहिले. दोन्हीकडील पैदासकाराचे शेतातील काम जवळजवळ सारखेच. वाणाची निवड व नफ्याचा विनियोग कोण ठरवितो, एवढाच फरक, पण तो लहान नव्हे.

बीटी कापसाच्या बाबतीत सामाजिक लोकशाहीचा मार्ग अनुसरला गेला. महिको व अमेरिकेची मॉन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीच्या तंत्रज्ञानास २००२ मध्ये परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाचा सुमारे १,६०० रुपयांचा दर २००६ मध्ये काही राज्यांनी ७५० रुपयांवर आणला. महाराष्ट्राने २००९ मध्ये दरनिश्चितीचा कायदा केला, तर केंद्राने २०१५ मध्ये दरनियंत्रण आदेश काढला. तंत्रज्ञानाचे स्वामित्व कंपनीकडेच राहिले. किंमत मात्र शासनाने ठरविली. यात शेतकऱ्याचा विचार झाला, प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्याचा नाही.

तो विचार अन्यत्र झाला आहे. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कर्मचाऱ्यांना दिल्या. मात्र मते समसमान झाल्यास अध्यक्षाचे जादा मत निर्णायक ठरते आणि अध्यक्ष सामान्यतः भागधारकांच्या बाजूचा असतो. भारतीय संविधानात त्याच वर्षी ४३-अ हा व्यवस्थापनातील सहभागाविषयीचा अनुच्छेद आला, पण तो निदेशक तत्त्वांत असल्याने न्यायालयाद्वारे अंमलात आणता येत नाही.