संगणकाचे विषाणू आणि ‘शंभर टक्के संरक्षणा’चा व्यापार

जो दावा पडताळून पाहता येत नाही, तो विकणे सर्वांत सोपे असते. बियाण्याच्या पिशवीवरील मजकुराचे खरेखोटे निदान हंगामाअखेरीस तरी उघड होते. संगणकाच्या संरक्षणाची हमी खरी होती की नाही, हे ग्राहकाला पुष्कळदा कधीच कळत नाही. वर्षभर संगणक सुरळीत चालला, तर त्याचे श्रेय विकत घेतलेल्या अँटिव्हायरसला द्यावयाचे, की मुळात विषाणू त्या वाटेला फिरकलाच नाही असे समजावयाचे? या अनिश्चिततेवरच ‘शंभर टक्के संरक्षण’, ‘सर्व विषाणूंपासून कायमची मुक्तता’ अशा जाहिराती उभ्या असतात. अकोला-अमरावतीत आज शाळेच्या पगारपत्रकापासून विद्यार्थ्याच्या परीक्षा-अर्जापर्यंत सारे व्यवहार संगणकावर होतात. तेव्हा हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही.

‘शंभर टक्के’ हा शब्दप्रयोग केवळ अतिशयोक्तीचा नव्हे, तर तर्कदृष्ट्याच अशक्य आहे. अमेरिकी संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्ये संगणकविषाणूंवरील आपल्या निबंधात हे दाखवून दिले. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. कोणताही प्रोग्राम विषाणू आहे की नाही हे अचूक ओळखणारा परीक्षक अस्तित्वात आहे, असे क्षणभर गृहीत धरू. मग एखादा लबाड असा प्रोग्राम लिहील, की जो प्रथम त्या परीक्षकालाच आपल्याविषयीचा निर्णय विचारील. परीक्षकाने ‘विषाणू’ म्हटले तर तो गप्प बसेल आणि ‘निर्दोष’ म्हटले तर पसरू लागेल. निर्णय कोणताही दिला तरी परीक्षक खोटा ठरतो. सारांश, परिपूर्ण परीक्षक असूच शकत नाही. चांगले सॉफ्टवेअर पुष्कळ विषाणू पकडील, परंतु सर्व पकडण्याचे वचन त्याच्या निर्मात्यालाही देता येणार नाही.

वऱ्हाडातील वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी दूरचा दाखला नको. बोंडअळीला रोखणारे बीटी कापसाचे बियाणे २००२ मध्ये देशात अधिकृतपणे आले आणि आरंभी त्याने अळीला आवर घातलाही. परंतु अळी बदलली. गुलाबी बोंडअळीने त्या विषाला प्रतिकार करण्याची शक्ती मिळविली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाच्या कापसाचे अतोनात नुकसान केले. शत्रू जिवंत आणि बदलता असेल, तर एकदा विकत घेतलेले संरक्षण कायमचे पुरत नाही. संगणकाच्या विषाणूंमागे तर अळी नव्हे, विचार करणारा माणूस असतो.

अतिशयोक्तीची दुसरी बाजू म्हणजे भीती. ६ मार्च १९९२ रोजी ‘मायकेलॅंजेलो’ हा विषाणू जगभरच्या संगणकांतील माहिती पुसून टाकणार, असा गाजावाजा त्या वर्षी झाला. बाधित संगणकांचा आकडा ५० लाखांपर्यंत जाऊ शकेल, असे अँटिव्हायरसच्या व्यवसायातील जॉन मॅकॅफी यांच्या हवाल्याने छापून आले. प्रत्यक्षात तो दिवस उजाडला आणि नुकसान काही हजार संगणकांपुरतेच राहिले. दरम्यान अँटिव्हायरसची विक्री मात्र भरघोस झाली होती.

पुढे या भीतीचे यंत्रच तयार झाले. अमेरिकेतील ऑफिस डेपो या दुकानसाखळीत ग्राहकाचा संगणक ‘मोफत’ तपासला जाई. तपासणीपूर्वी संगणक मंद झाला आहे काय, मध्येच बंद पडतो काय, असे चार प्रश्न विचारले जात. त्यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, की तपासणीत काहीही आढळो, विषाणूची लक्षणे असल्याचा निष्कर्ष पडद्यावर उमटे आणि दुरुस्तीची महागडी सेवा पुढे केली जाई. २०१९ मध्ये तेथील व्यापार आयोगाच्या कारवाईनंतर ही कंपनी व तिची सहकारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. २०२४ मध्ये याच आयोगाने अ‍ॅव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश काढला. तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांना रोखू, असे सांगणाऱ्या या कंपनीने ग्राहकांच्या इंटरनेटवरील वावराची माहिती इतरांना विकल्याचा तिच्यावर आरोप होता. राखणदारच घरातील वर्दळीची टिपणे बाजारात विकू लागला, तर दाराला कुलूप कोणासाठी लावावयाचे?

याचा अर्थ धोका खोटा आहे, असा मुळीच नव्हे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या हल्ल्याने मर्स्क समूहाला ग्रासले आणि न्हावाशेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्याआधी मे महिन्यातील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याने जगभर हाहाकार उडविला. परंतु त्याला रोखणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ज्यांनी ती वेळेवर बसविली, त्यांची ती वाट बंद झाली होती. आणि नेमकी हीच गोष्ट जाहिरात सांगत नाही. प्रणाली अद्ययावत ठेवणे, महत्त्वाच्या कागदपत्रांची वेगळी प्रत राखणे, चोरीचे सॉफ्टवेअर न वापरणे आणि अनोळखी दुव्यावर बोट न ठेवणे या सवयी विकता येत नाहीत. म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही. विंडोजमध्ये २०१२ पासून अँटिव्हायरस अंगभूतच येतो, हेही विक्रेता क्वचितच सांगतो.

भारतीय कायदा याबाबत मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील खुलासा दाव्याच्याच भाषेत असला पाहिजे आणि त्याने मूळ दावा खोडून काढता कामा नये. मोठ्या मराठी अक्षरांत हमी आणि तळाशी बारीक इंग्रजीत तिचा इन्कार, ही चाल या नियमात बसत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये निषिद्ध ठरविलेल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांत, संगणकात विषाणू असल्याची खोटी भीती घालून बनावट उपाय गळ्यात मारणे, ही स्वतंत्रपणे नोंदलेली आहे.

तथापि तक्रारदाराशिवाय कायदा निष्प्राण असतो. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ असे सांगणाऱ्याला ‘कोणता, आणि तो कोठे सापडला?’ असे विचारणारा लिपिक आणि ‘शंभर टक्के’ या शब्दांचा आधार मागणारा शिक्षक जितका लाभ करून देतील, तितका कोणतेही सॉफ्टवेअर देणार नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हे क्रमांक कचेरीच्या व शाळेच्या फलकावर लावण्यास खर्च नाही. अकोला व अमरावती येथे जिल्हा ग्राहक आयोगही आहेत. पावतीवर हमीचे शब्द लिहून घेणारा ग्राहक उद्या तेथे पुराव्यानिशी उभा राहू शकेल. आणि जो विक्रेता तोंडी दिलेली हमी कागदावर उतरविण्यास कचरतो, त्याच्या हमीची किंमत तेथेच ठरते.