तुमचं ‘स्टँडर्ड’ काय?

फर्स्ट क्लास घेऊन बाहेर पडलेला इंजिनीअर कंपनीत पहिल्याच महिन्यात अडखळतो, तो नेमका कुठे?

‘स्टँडर्ड’ म्हटलं की आपल्याला दोनच अर्थ आठवतात. एक शाळेतली इयत्ता, दुसरा समोरच्याची ‘लेव्हल’. पण तिसराही एक अर्थ आहे आणि तो आत्ता तुमच्या टेबलावर पडलाय. प्रिंटरमधला ए-फोर कागद बघा. २१० बाय २९७ मिलिमीटर. मधोमध दुमडला की ए-फाइव्ह, आणि लांबी-रुंदीचं प्रमाण तेच! पुण्यात घेतलेला कागद बर्लिनच्या प्रिंटरमध्ये बिनबोभाट बसतो, कारण हे माप आयएसओ २१६ नावाच्या दस्तऐवजात लिहून ठेवलंय. असे दस्तऐवज म्हणजे तांत्रिक मानकं, अर्थात टेक्निकल स्टँडर्ड्स.

मी मासकॉमवाली. नट-बोल्टशी माझा संबंध फर्निचरपुरता. पण मित्रमंडळींत निम्मे इंजिनीअर. गेले काही दिवस मी त्यांना एकच प्रश्न विचारत फिरतेय, ‘पहिल्या नोकरीत सगळ्यात जास्त काय नडलं?’ मला वाटलं होतं, मॅथ्स किंवा इंग्लिश बोलणं. पण फिरून फिरून गाडी एकाच स्टेशनवर यायची. ‘अगं, स्टँडर्ड वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं!’

उजवं की डावं?

चाकणला ट्रेनी म्हणून लागलेल्या एका मित्राचा किस्सा ऐका. अमेरिकन कस्टमरचं ड्रॉइंग हातात आलं. पठ्ठ्यानं ते वाचलं, ऑपरेटरला समजावलं, पहिला पीस तयार झाला. इन्स्पेक्शनला कळलं, की भोक चक्क विरुद्ध बाजूला पडलंय! ड्रॉइंग बरोबर, मशीन बरोबर. चुकलं ते प्रोजेक्शन.

आपल्या कॉलेजांत फर्स्ट अँगल शिकवतात. त्यात वस्तू डावीकडून जशी दिसते, ते चित्र उजवीकडे काढतात. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो. तिथे उजवीकडचं चित्र उजवीकडेच. कोणती पद्धत वापरलीय, हे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं एक छोटं चिन्ह सांगतं. ‘ते चिन्ह मी फर्स्ट इयरला प्रत्येक शीटवर काढलं,’ मित्र म्हणाला, ‘पण ते बघायचं कशासाठी असतं, हे कुणी सांगितलं नाही.’ नशीब, पहिलाच पीस होता. अख्खा लॉट भंगारात गेला असता.

सात मायक्रॉनची गोष्ट

कुठल्याही मेकॅनिकलवाल्याला ‘एच७-जी६’ विचारा, त्याला परीक्षेतलं कोष्टक आठवेल. २५ मिलिमीटरचं भोक एच७ असेल, तर ते २५.००० ते २५.०२१ च्या मध्ये हवं. त्यात फिरणारा शाफ्ट जी६ असेल, तर २४.९८० ते २४.९९३. म्हणजे दोघांमध्ये फट कमीत कमी ७ मायक्रॉन, जास्तीत जास्त ४१. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा! पण यामुळेच नाशिकला पाडलेल्या भोकात कोइमतूरला बनलेला शाफ्ट पहिल्या फटक्यात बसतो. दोन्ही कारागिरांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं.

परीक्षेत प्रश्न येतो, ‘फट किती ते काढा.’ कारखान्यात प्रश्न वेगळाच असतो. ‘इथे इतकं घट्ट माप खरंच हवंय का?’ कारण माप जितकं काटेकोर, तितका मशीनवरचा वेळ आणि खर्च जास्त. या प्रश्नाचं उत्तर कोष्टक पाठ करून मिळत नाही.

पंचेचाळीस का?

सिव्हिलवाल्यांचंही तेच. काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे मानक आहे. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत सळईवर काँक्रीटचं कव्हर किती ठेवायचं, हे सांगितलंय. सौम्य वातावरणात २० मिलिमीटर, समुद्राच्या खाऱ्या हवेला उघड्या भागात ४५. मुलं आकडे घडाघडा म्हणतात. पण ४५ का?

कारण हवेतलं मीठ काँक्रीटमधून हळूहळू आत झिरपतं. ते सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि काँक्रीट आतून फुटतं. समुद्रकाठच्या जुन्या बिल्डिंगच्या गॅलरीखाली उघडी पडलेली तांबूस सळई तुम्ही पाहिली असेलच. हे ज्याला कळलं, तो साइटवर कव्हर ब्लॉक नसताना स्लॅब भरू देणार नाही. ज्याला फक्त आकडा पाठ आहे, तो ‘चलता है’ म्हणेल. त्या गॅलरीत उद्या कुणीतरी उभं राहणार असतं!

आगीनं शिकवलं

मानकं काही साहेबांच्या लहरीतून येत नाहीत. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर शहराला आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. पण त्यांच्या पाइपांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात! शहरात पाणी होतं, माणसं होती, जोडणी मात्र होईना. दीड हजारांहून जास्त इमारती खाक झाल्या. मग कुठे पाइपांच्या जोडणीचं एकच माप ठरवायची धावपळ सुरू झाली. अशी एक गोष्ट वर्गात सांगितली, तर कोष्टकाकडे कुणी जांभई देत बघेल का?

मग शिकवायचं कसं?

अमेरिकेतली अ‍ॅबेट ही संस्था इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. शेवटच्या मोठ्या डिझाइन प्रोजेक्टमध्ये योग्य मानकांचा वापर झालाच पाहिजे, अशी तिची अट आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरो, म्हणजे आयएसआय मार्कवाली संस्था, शाळा-कॉलेजांत स्टँडर्ड्स क्लब चालवते. भारतात तयार झालेली मानकं तिच्या पोर्टलवरून फुकट डाउनलोड करता येतात. म्हणजे ‘पुस्तक महाग आहे हो’ ही सबब बाद!

उरतं ते वर्गात मूळ दस्तऐवज उघडणं. गाइडमधला उतारा नको, मूळच. त्यात ‘शॅल’ लिहिलं असेल तर ती सक्ती, ‘शुड’ असेल तर ती शिफारस. एका शब्दानं लाखोंचा माल पास किंवा रिजेक्ट होतो. एखादं हेल्मेट किंवा प्लगची पिन घेऊन मुलांना विचारावं, ‘हा नियम काढून टाकला तर काय होईल?’ तासाभरात वर्ग जागा होईल, पैज!

आणि हो, तुमच्यापैकी जे इंजिनीअर आहेत त्यांच्यासाठी एक काम. एखाद्या शनिवारी आपल्या जुन्या कॉलेजात जा. कंपनीची गुपितं नकोत, पगाराच्या गप्पा तर नकोतच. तुमच्या हाताखालून रोज जाणारं एखादं मानक घ्या आणि त्यातला एकच आकडा ‘का’सकट समजावून सांगा. कँटीनचा चहा ज्युनिअर्स पाजतीलच.